शासन आणि शरीर यांच्या पलीकडे

राज्यसंस्थेचा अंमल नको आणि निसर्गाने घातलेली शरीराची मर्यादाही अखेरची मानायची नाही, या दोन आकांक्षा अराज्यवादी मानवातीतवाद एकत्र गुंफतो. ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ ही संज्ञा ज्यूलियन हक्स्ली यांच्या १९५७ मधील निबंधाने रूढ केली. तथापि समा येथील आम्हा मराठी वाचकांस हा विचार सर्वस्वी परका वाटू नये. त्याच्या दोन्ही आकांक्षा ज्या एका चिंतनात शेजारी नांदल्या, त्याचा बडोद्याशी निकटचा संबंध आहे.

श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या सेवेत होते. पुढे पाँडिचेरीहून निघणाऱ्या ‘आर्य’ मासिकात त्यांनी मनुष्य ही उत्क्रांतीची परिसमाप्ती नसून संक्रमणावस्था आहे, असे प्रतिपादन केले. ‘द ह्यूमन सायकल’ या नावाने नंतर ग्रंथरूप पावलेली त्यांची लेखमाला याच मासिकात १९१६ ते १९१८ दरम्यान आली. तीत त्यांनी अराज्यवादाचाही परामर्श घेतला आहे. केवळ बुद्धी व सहानुभूती यांच्या आधारावर शासनमुक्त समाज उभा राहणार नाही, त्यास आत्मिक ऐक्याचे अधिष्ठान हवे, असा त्यांचा निष्कर्ष.

येथे एक शंका उरतेच. ज्यांचे परिवर्तन आधी घडले अशा मोजक्यांनी इतरांस वाट दाखवायची, तर त्या मोजक्यांचा अधिकार हेच नवे शासन ठरणार नाही काय? या शंकेचे समाधान आम्हांस ग्रंथापेक्षा एका घटनेत अधिक सापडते. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने बडोद्यातील मजुमदार वाड्यात श्रीअरविंदांना ध्यानास बसविले. तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले. पुढे निरोपाच्या वेळी, अंतरात स्फुरलेल्या मंत्राच्या दात्यावर पूर्ण भिस्त ठेवता येईल काय, एवढेच लेल्यांनी विचारले. होकार मिळताच, मग माझ्या सूचनांची गरज नाही, असे सांगून त्यांनी मार्गदर्शन थांबविले.

साधन द्यावे आणि त्यावरील स्वामित्व सोडावे, हे अराज्यवादाचे मर्म या प्रसंगात आहे. आज देहात बसविण्याची यंत्रे व जनुकबदलाची तंत्रे मुख्यतः कंपन्या आणि शासने यांच्या हाती आहेत. ती माणसास बलवान करतील. परंतु किल्ली देणाऱ्याकडेच राहिली, तर देहाची मर्यादा ओलांडूनही माणूस परतंत्रच राहील. म्हणून नव्या तंत्राची पारख त्याच्या सामर्थ्यावरून नव्हे, तर ते देणारा केव्हा बाजूला होतो यावरून व्हावी, असे आम्हांस वाटते.