लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा

स्वतः शब्द लिहायचे, स्वतःच चाल लावायची आणि एखादे वाद्य हाती घेऊन स्वतःच गायचे, असे करणाऱ्या कलावंताला आज ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणतात. गळ्यात अकूस्टिक गिटार, चालीत लोकगीत, ब्लूज आणि पॉप यांची सरमिसळ, अनेकदा पाठीशी कुठलीही कंपनी नाही, असे त्याचे रूप. मराठीत असे गायक बोटांवर मोजण्याइतके दिसतात, म्हणून हा प्रकार इथे रुजलाच नाही असे म्हटले जाते. गिटारपुरते ते खरे आहे.

या कलावंताचा जुना अवतार मात्र थेट राहाता तालुक्यात सापडतो. दासगणू महाराज, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (१८६८–१९६२), हे नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचे. पोलिसात शिपाई असताना ते तमाशासाठी लावण्या रचत. पुढे राहाता तालुक्यातल्या शिर्डीत साईबाबांच्या सहवासात आले, नोकरी सुटली आणि ते कीर्तनकार झाले. आख्यान त्यांचे, पदे त्यांची, गळाही त्यांचाच. अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून कीर्तनाला निघालेल्या दासगणूंची बाबांनी नवरदेव म्हणून थट्टा केली आणि तो पोशाख उतरवायला लावला, असे साईसच्चरितात आहे. त्यानंतर ते उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हाती चिपळ्या घेऊन उभे राहत. लावणीवर हात बसलेल्या माणसाने भक्तीची पदे रचावीत, यात नवल नाही. अमेरिकेतल्या गॉस्पेल संगीताचा जनक मानला जाणारा थॉमस डॉर्सी हाही आधी ब्लूजचा पियानोवादक होता.

कोपरगाव ओलांडले की सिन्नर तालुका लागतो. तिथल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. हिंदी सिनेगीतावर विडंबन रचून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे आंबेडकरी विचाराची हजारो गाणी लिहिली व गावोगाव गायली. सिनेमाची चाल, जलशाचा बाज आणि स्वतःचे शब्द हा मेळ त्यांना कुणी शिकवला नव्हता. लोकांना जी चाल पाठ आहे तिच्यावर नवा विचार लवकर पोचतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. समीक्षेने मात्र बराच काळ अशा गाण्याला ‘प्रचारगीत’ म्हणून बाजूला ठेवले.

शाहिरीची ब्लूजशी तुलना करताना बहुतेकजण दुःखाशी थांबतात. खरा धागा रचनेत आहे. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार बोलते. मुळात ती जागा सोबत गाणाऱ्यांची होती. ती जबाबदारी वाद्याने उचलली, म्हणून रॉबर्ट जॉन्सनसारखा गायक १९३६–३७ मध्ये एकट्याच्या बळावर २९ गाणी ध्वनिमुद्रित करू शकला. शाहिराच्या मागे हेच काम झीलकरी करतात. तुणतुण्याला तार एकच. ते सूर धरते, लयही देते, पण उत्तर देऊ शकत नाही. त्यामुळे मराठी शाहीर लिहिताना एकटा असला तरी गाताना क्वचितच एकटा असतो. ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ त्याच्या तोंडी सहज येते, याचे एक कारण वाद्यातही शोधावे लागेल.

नागर संगीताने दुसरीच वाट धरली. भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक ही तीन कामे तीन माणसांत वाटली गेली. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ हा या वाटणीचा कळस: शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, गळे अनेकांचे. त्यातून उत्तम गाणी आली यात वाद नाही. पण गायकाने लिहायचे असते, ही अपेक्षा श्रोत्यांच्या मनातून पुसली गेली. २००३ पासूनच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ मध्ये संदीप खरे हा कवी रंगमंचावर स्वतः गाऊ लागला. तरी संगीताची बाजू मुख्यतः सलील कुलकर्णी यांच्याकडे राहिली, म्हणजे ही वाटणी अर्धीच मोडली.

ती पूर्ण मोडली गोव्यात. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ हा संग्रह घरातच ध्वनिमुद्रित केला. वाद्ये बहुतेक स्वतः वाजवली आणि कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. गोव्याचे लोकसंगीत, रॉक आणि पॉप यांचा त्यांचा मेळ टिकला, कारण त्यात गावातली माणसे आणि त्यांची थट्टा होती. भाषा मात्र मुख्यतः इंग्रजी. पुण्याच्या ‘अग्नी’ या बँडने हिंदी निवडली. गिटार हाती आली की शहरातला मराठी तरुण भाषा बदलतो, हा अनुभव जुनाच आहे.

यामागे तांत्रिक अडचणही आहे. मराठी लोकचाल षड्जाच्या आधारावर उभी असते. गिटारचे कॉर्ड दर काही मात्रांना जमीन हलवतात. अनेक नवी गाणी चार कॉर्डांच्या चक्रात अडकतात आणि ऱ्हस्व-दीर्घाची मोडतोड करून शब्द त्यात कोंबले जातात. उपाय ब्लूजवाल्यांकडेच आहे. तारा मोकळ्या सुरावर लावल्या की खालची तार तुणतुण्यासारखी वाजत राहते. कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार पेटीतून निघत नाही; तारेवर काचेची नळी सरकवली की निघतो. ब्लूजची झुलती लय सहा मात्रांच्या दादऱ्याला बरीच जवळची. ‘अभंग रिपोस्ट’ या बँडने गिटारला अभंगाशी जोडून दाखवले, पण शब्द संतांचे. तिथे लिहिण्याचा प्रश्नच येत नाही.

लिहिण्याची धार आज शाहिरीतच अधिक दिसते. संभाजी भगत यांची गाणी ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकातून आणि ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातून वेगळ्या प्रेक्षकापर्यंत पोचली. गिटारवाल्या मराठी गाण्यात त्या तोडीची ओळ सहसा सापडत नाही.

राहात्याच्या परिसरात गाण्याला तोटा नाही. वीरभद्राची यात्रा, गंगागिरी महाराजांचा सप्ताह, भीमजयंती, शिर्डीकडे चालत येणाऱ्या पालख्या, लग्नातला ऑर्केस्ट्रा. विषयांचीही वाण नाही; २०१७ चा शेतकरी संप याच तालुक्यातल्या पुणतांब्यातून उठला. पण या प्रत्येक ठिकाणी सुपारी गर्दी उठवणाऱ्याला मिळते आणि डीजेपुढे अकूस्टिक गिटार ऐकूच येत नाही. दोन-अडीचशे श्रोते बसून ऐकतील अशी जागा म्हणजे महाविद्यालयाचे सभागृह. तिथल्या युवा महोत्सवात सुगम गायन, पाश्चात्त्य एकल गायन, समूहगीत, लोकवाद्यवृंद असे रकाने असतात. स्वतः लिहिलेल्या गाण्याचा वेगळा रकाना नसतो. तो घालायला खर्च काहीच येत नाही. गुण देताना शब्द, चाल आणि गळा एकत्र तोलणारा परीक्षक तेवढा शोधावा लागेल.