साहाय्यकर्त्याचे कान : इव्हान इलिच यांच्या एका भाषणाचा पुनर्विचार

मेक्सिकोच्या खेड्यांत सुटीपुरती सेवा करावयास निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच यांनी १९६८ साली एक भाषण केले. ‘टू हेल विथ गुड इंटेन्शन्स’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. नावातच सदिच्छेला रसातळाला धाडलेले आहे. इलिच त्या वेळी धर्मगुरू होते व मेक्सिकोत कुएर्नावाका येथील त्यांच्या केंद्रात परदेशी मिशनऱ्यांना स्पॅनिश भाषा शिकविली जात असे. तेव्हा ही टीका बाहेरच्या निंदकाची नव्हे, घरातल्याच माणसाची होय.

आज या भाषणाकडे वळण्यास कारण आहे. त्या काळचे स्वयंसेवक प्रामुख्याने लोकांची ‘प्रगती’ घडवावयास जात. आजच्यांपैकी अनेकजण गरीब वस्त्यांत पर्यावरणविषयक जागृती करावयास जातात. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रकानंतर तर या कार्यास ख्रिस्ती कर्तव्याचे अधिष्ठान लाभले आहे. मग इलिच यांचा आक्षेप या नव्या सेवकांनाही लागू पडतो काय?

इलिच यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या गावाची भाषा तुम्हांला येत नाही, तेथे तुम्ही मुके आणि बहिरे आहात. तुम्ही काहीही देऊ म्हणालात तरी प्रत्यक्षात आपल्या सुखवस्तू जीवनपद्धतीचेच विक्रेते ठरता. सेवाच करावयाची असेल तर ती आपल्या देशातील गरिबांत करा. तेथे निदान ‘चालते व्हा’ असे तुम्हांला तोंडावर सांगणारा भेटेल. मेक्सिकोत यावयाचे तर पाहावयास या, शिकावयास या. मदत करावयास येऊ नका.

या विवेचनाचे बळ त्याच्या नेमकेपणात आहे, आणि पर्यावरणाच्या संदर्भात ते अधिकच टोचते. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. आफ्रिकेतील अनेक गरीब देशांत हे प्रमाण १ टनाहूनही कमी आहे. विमानाने समुद्र ओलांडून येणारा पहिल्या देशातील तरुण दुसऱ्या देशातील शेतकऱ्यास पृथ्वी जपण्याचा पाठ देतो, तेव्हा गुरू कोण आणि शिष्य कोण, हे तपासून पाहणे प्राप्त होते. शिवाय ‘जागृती’ या शब्दात समोरचा माणूस झोपेत आहे असे गृहीत धरलेले असते. ब्राझीलच्या आक्रे प्रांतातील रबर काढणारे मजूर १९७० च्या दशकातच झाडे तोडणाऱ्यांच्या वाटेत उभे राहत होते. त्यांचे पुढारी शिको मेंदिस यांचा १९८८ मध्ये खून झाला. जंगल गेले तर आपण गेलो, हे त्यांना कोणा परकीयाने शिकविले नव्हते.

तथापि आमच्या मते या भाषणात एक उणीव आहे. मदतीच्या प्रत्येक प्रवासास इलिच एकाच तराजूत तोलतात. ते मेक्सिकन खेडुतांच्या वतीने बोलतात. परंतु त्या भाषणात खेडूत स्वतः कोठेच बोलत नाही. त्याने एखाद्या परक्यास ‘राहा’ म्हटले तर काय, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका जीवनात मिळते. सिस्टर डोरोथी स्टँग या अमेरिकन धर्मभगिनी १९६६ मध्ये ब्राझीलला गेल्या. पारा प्रांतातील आनापू येथे भूमिहीन शेतकरी कुटुंबांसोबत त्या राहिल्या, त्यांची भाषा बोलल्या, ब्राझीलच्या नागरिक झाल्या. जमिनीच्या अल्प भागावर शेती आणि उरलेल्या मोठ्या भागावर सामायिक जंगल, अशा वसाहतींसाठी त्या शेतकऱ्यांच्या बरोबरीने झगडल्या. १२ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, जमीनदारांनी भाड्याने आणलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. ३९ वर्षे राहणाऱ्या या बाईस इलिच यांचा ‘विक्रेता’ हा शब्द लागू पडत नाही. परंतु तो का लागू पडत नाही हे पाहू गेल्यास इलिच यांच्याच कसोट्या हाती येतात : भाषा, मुक्काम, आणि किंमत कोण मोजतो हा प्रश्न. म्हणजे इलिच यांचा निष्कर्ष आम्ही नाकारतो, त्यांचे मोजमाप मात्र ठेवून घेतो.

हे मोजमाप शुभवर्तमानास परके नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना पिशवीशिवाय पाठवितो आणि यजमान जे वाढील ते खावयास सांगतो. पाठविलेला आधी पाहुणा होतो, घेणारा होतो. देणे मागाहून येते. दार उघडावयाचे की नाही, हा अधिकारही प्रभूने गावाकडेच ठेवला आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाकडे बाग सोपविली आहे, ती मशागत व राखण यांसाठी; शेजाऱ्याला व्याख्यान देण्याची आज्ञा तेथे नाही.

परदेशाची गोष्ट म्हणून वाचकांनी हे बाजूस ठेवू नये. सेमिनरीतील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एकदा एका आदिवासी पाड्यावर शिबिरास गेलो होतो. सरपणासाठी झाडे तोडू नका, असे आमच्या विद्यार्थ्याने सांगताच एका म्हातारीने विचारले, “बाबा, तुमच्याकडं चुलीत काय जळतं?” आमच्याकडे गॅस होता. ती वाळक्या काटक्याच गोळा करीत होती, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले.

त्या दिवशी शिबिराचा कार्यक्रम बदलावयास हवा होता. आम्ही तो बदलला नाही. ठरलेली व्याख्याने ठरल्याप्रमाणे पार पाडली. यास्तव पुढील शिबिर आखण्यापूर्वी धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी हे भाषण आपल्या तरुणांबरोबर वाचावे, आणि मग ज्या गावी जावयाचे त्या गावास आधी विचारावे की आम्ही यावे काय. गाव ‘नको’ म्हणाले तर त्या उत्तराचाही आदर राखावा.