सजगतेचा सराव आणि मानसिक स्वास्थ्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या काही दशकांत ‘सजगता’ ही संकल्पना मानसशास्त्राच्या ग्रंथांतून बाहेर पडून रुग्णालये, कंपन्या, शाळा आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांपर्यंत पोहोचली आहे. ‘माइंडफुलनेस’ या इंग्रजी संज्ञेसाठी हा शब्द मराठीत आता बऱ्यापैकी रुळला आहे. सजगतेच्या सरावाने मानसिक स्वास्थ्य सुधारते, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की ते कोणासाठी, कोणत्या स्वरूपाच्या सरावाबाबत आणि कोणत्या प्रकारच्या दुःखासंदर्भात खरे आहे, हे विचारण्याची गरजच उरत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांच्या अनुषंगाने या विधानाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दाचा प्रवास

‘माइंडफुलनेस’ हा शब्द पाली ‘सति’ या शब्दाचे भाषांतर म्हणून टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये योजिला. ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृती’. मराठीत स्मृती म्हणजे केवळ आठवण, असा अर्थ रूढ असल्यामुळे ‘सजगता’ हा पर्याय पुढे आला, ते सोयीचेही झाले. मात्र या सोयीत मूळ अर्थाचा एक पदर गळून पडला. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार विषयांचे अनुपश्यन सांगितले आहे. (येथे ‘वेदना’ म्हणजे दुखणे नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा उदासीन अशी कोणतीही अनुभूती, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे लागते.) मिलिंदपञ्हात नागसेन सतीचे लक्षण सांगतात, त्यात हितकर काय आणि अहितकर काय, याचे स्मरण ठेवून हितकर ते स्वीकारणे अभिप्रेत आहे. म्हणजे सती ही विवेकाशी जोडलेली आहे.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात सजगतेची कल्पना वेगळी आहे. वर्तमान क्षणाकडे हेतुपूर्वक आणि कोणताही निवाडा न करता लक्ष देणे, असे तिचे स्वरूप. धार्मिक संदर्भ जाणीवपूर्वक बाजूला ठेवल्यामुळे ही पद्धती रुग्णालयात प्रवेश करू शकली, तिची शास्त्रीय चाचणी होऊ शकली. हे श्रेय लहान नाही. परंतु विवेकाची अट सुटल्यावर सजगता ही कोणत्याही परिस्थितीत वापरता येणारी वस्तू बनते, आणि परिस्थिती योग्य की अयोग्य, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर जातो. रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ च्या ‘मॅकमाइंडफुलनेस’ या पुस्तकात घेतलेला मुख्य आक्षेप याच दिशेचा आहे.

पुरावा काय सांगतो

कबात-झिन यांचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा असतो. दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचे सत्र, एक पूर्ण दिवस मौन आणि घरी रोज सुमारे पाऊण तास सराव. एक मनुका हातात घेऊन, न्याहाळून, हुंगून, मग सावकाश चावून खाण्याचा सुरुवातीचा पाठ सर्वत्र प्रसिद्ध झाला. त्यामागचे आठ आठवड्यांचे कष्ट तितके प्रसिद्ध झाले नाहीत. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या व ३५१५ सहभागींच्या आधारे केलेल्या आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांबाबत मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. तथापि औषधे, व्यायाम किंवा अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचे दिसले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७६ प्रौढांच्या एका चाचणीत चिंताविकारांसाठी हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम एस्सिटालोप्राम या औषधाच्या तुलनेत कमी प्रभावी ठरला नाही. पुरावा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही.

या सर्व संशोधनात सर्वाधिक विचारप्रवर्तक काम मात्र नैराश्याच्या पुनरुद्भवाविषयीचे आहे. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी सजगतेवर आधारित बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १४५ रुग्णांच्या अभ्यासात, नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. सजगतेचे प्रशिक्षण घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. दोनच झटके आलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. हेलन मा आणि टीसडेल यांच्या २००४ च्या अभ्यासातही हाच भेद पुन्हा आढळला.

हा भेद का पडावा? संशोधकांचे स्पष्टीकरण असे की, वारंवार नैराश्य आलेल्या व्यक्तीच्या मनात उदासीनता आणि नकारात्मक विचार यांची इतकी घट्ट सांगड बसते की किरकोळ खिन्नतेनेही विचारांचे चर्वितचर्वण आपोआप सुरू होते. बाहेर काही घडावे लागत नाही. अशा वेळी ‘मी निरुपयोगी आहे’ हे सत्य नसून मनात आलेला एक विचार आहे, हे ओळखण्याची सवय या चक्राला अटकाव करते. सजगता विचार थांबवत नाही, मन शांतही करीत नाही. विचाराशी असलेले नाते बदलते. याउलट, जीवनातील प्रत्यक्ष आघातानंतर उद्भवलेल्या नैराश्याबाबत २००४ च्या अभ्यासात या पद्धतीचा उपयोग दिसला नाही. ज्या दुःखाचे कारण मनाच्या आवर्तनात आहे तेथे सराव उपयोगी, आणि ज्याचे कारण परिस्थितीत आहे तेथे त्याची मर्यादा उघड, असा अर्थ त्यातून निघतो. नमुना लहान होता, हे मान्य करूनही या निष्कर्षाकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही.

शिक्षणक्षेत्रातील उपयोजन

युनायटेड किंगडममधील शाळांत झालेल्या ‘मिरियड’ या मोठ्या प्रकल्पाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ८० हून अधिक शाळांतील ८००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या या चाचणीत सजगतेचे पाठ नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा अधिक उपयुक्त ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. शिक्षकांमधील थकवा लगेच कमी झाला, पण वर्षभरानंतर तो फरक फारसा टिकला नाही. महाराष्ट्रातील शाळांतही ‘मित्र उपक्रमा’द्वारे आनापान साधना नेण्यात आली, तिचे मूल्यमापन करताना हा अनुभव दुर्लक्षिता येणार नाही. येथील परंपरा जवळची आहे, म्हणून परिणाम आपोआप सिद्ध होत नाही.

महाविद्यालयांत तर आठ आठवड्यांचे काम दोन तासांच्या कार्यशाळेत उरकण्याची प्रथा पडत आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शन वजा जाता प्रत्यक्ष सरावाला किती मिनिटे उरतात, हे प्रत्येक संयोजकाला ठाऊक असते. शेवटी अभिप्राय भरून घेतले जातात आणि ते छायाचित्रांसह नॅकच्या अहवालात जातात. या कार्यशाळेत तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापकही बसलेला असतो. पुढील सत्रात तासिका मिळतील की नाही, झालेल्या तासिकांचे मानधन केव्हा हाती येईल, ही त्याची चिंता मनाने रचलेली नाही. ती त्याच्या नेमणुकीच्या आदेशात लिहिलेली आहे. श्वासाकडे लक्ष दिल्याने त्याला त्या रात्री झोप लागली, तर ते चांगलेच. पण संस्थेने त्या झोपेलाच उत्तर मानले, तर सजगतेचा उपयोग प्रश्न झाकण्यासाठी झाला, असे म्हणावे लागते. नागसेनाची सती येथे नेमका उलटा आग्रह धरील.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या प्रवेश-अर्जात मानसिक आजारांविषयी विचारणा असते. दीर्घ ध्यानात काहींना भय, अस्वस्थता किंवा जुन्या आघातांच्या तीव्र स्मृती अनुभवास येतात, याच्या नोंदी संशोधनात आहेत. अप्रिय अनुभवाजवळ थांबण्याचा हा सराव असल्याने त्यात आश्चर्य नाही. महाविद्यालयीन सभागृहात दोनशे विद्यार्थ्यांना एकदम डोळे मिटावयास सांगताना मात्र अशी कोणतीही विचारणा होत नाही, आणि एखादी विद्यार्थिनी रडू लागली तर तिच्याजवळ कोणी बसावे, हे ठरलेले नसते.

आपल्याकडील संशोधनाबाबतही थोडे लिहिणे भाग आहे. रूथ बेअर आणि सहकाऱ्यांची २००६ ची पाच पैलूंची प्रश्नावली भाषांतरित करून शंभरेक विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावी, सहसंबंध गुणक काढावा आणि सजगतेने मानसिक स्वास्थ्य वाढते असा निष्कर्ष लिहावा, हा प्रबंधिकांचा साचा झाला आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, हे पदवीच्या वर्गात शिकविणारेच येथे ते विसरतात. शिवाय त्या प्रश्नावलीतील ‘निरीक्षण’ हा पैलू ध्यानाचा सराव नसलेल्यांत इतर पैलूंशी नीट जुळत नाही, हे तिच्या कर्त्यांनीच दाखविले होते. नुसते निरखणे अननुभवी माणसाच्या बाबतीत स्वतःच्या धडधडीकडे आणि धास्तीकडे अधिक लक्ष देणेही ठरू शकते. ज्या विद्यार्थ्यांनी कधी ध्यान केलेलेच नाही, त्यांच्याकडून भरून घेतलेल्या या अंकांतून नेमके काय मोजले गेले, हे मार्गदर्शकाने प्रबंधिकेवर स्वाक्षरी करण्यापूर्वी विचारावयास हवे.