काडेपेटीतली विंचवीण आणि गायब वहिनी

जेराल्ड ड्युरेलचं ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ (१९५६) मी पहिल्यांदा वाचलं ते हॉस्टेलवर, सबमिशनच्या आदल्या रात्री. काडेपेटीच्या प्रसंगाला इतकी हसले की रूममेट जागी झाली. धाकटा जेरी एक विंचवीण पिल्लांसकट काडेपेटीत ठेवतो आणि जेवण उरकून लॅरी सिगरेट पेटवायला नेमकी तीच उघडतो. पुढचा गोंधळ सांगत नाही.

विनोदाची चाल पहिल्याच पानांत कळते. इंग्लंडातला पावसाळी ऑगस्ट, घरभर सर्दी-पडसं, आणि लॅरी फर्मावतो, चला ग्रीसला. आई म्हणते, अरे, घर आत्ताच तर घेतलंय. पुढच्याच दमात घर विकलेलं! मग प्रत्येकाचं सामान. लॅरीच्या ट्रंका पुस्तकांच्या, कपडे एका ब्रीफकेसमध्ये. लेस्लीची पिस्तुलं, आईची स्वयंपाकाची पुस्तकं, जेरीच्या बरणीत कोशात जायच्या बेतातल्या अळ्या. नुसत्या बॅगा उघडून माणसं उभी केली आहेत.

यंदा पुन्हा वाचताना मात्र बॅगांत काय नाही ते दिसायला लागलं. लॅरी, म्हणजे कादंबरीकार लॉरेन्स ड्युरेल, कॉर्फूला गेला तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं. बायको नॅन्सी पुस्तकात कुठेच नाही. बेटावर तो बराच काळ तिच्यासोबत वेगळा राहिला. पुस्तकात तो आईच्याच घरात बसून टोमणे मारतो. विनोदाला हे सोयीचं आहे, संसारी लॅरी एवढा पोरकट शोभला नसता. तरी एक अख्खी वहिनी गाळणं मला खटकतं.

वडिलांचं त्याहून अवघड. ते भारतात इंजिनिअर होते, १९२८ साली वारले. जेरीचा जन्म जमशेदपूरचा, आईचाही भारतातलाच. म्हणजे जे इंग्लंड सोडून ही मंडळी ‘परदेशी’ निघाली, तेच आईला परकं होतं. तिचं वैधव्य येतं ते प्रस्तावनेतला विनोद म्हणून: मी विधवा आहे हे आवर्जून लिही, लोक काय म्हणतील सांगता येत नाही. पहिल्यांदा मी इथेही हसले होते.

आता ते घर झटक्यात विकणं मला लॅरीच्या हट्टापेक्षा आईच्या एकटेपणाचं वाटतं. ड्युरेल तसं म्हणत नाही. दहा वर्षांच्या जेरीला ते कळलं नसेल, तिशीतल्या लेखकाला कळत असणार. पण पुस्तक आलं तेव्हा आई हयात होती, आणि ती ते वाचणार होती.