मेजावरची महाभूते

अठराव्या शतकात इंग्लंडमधील चेल्सी, बो आणि डार्बी येथील कारखान्यांनी पोर्सलीनच्या ज्या लहान मूर्ती घडविल्या, त्यांत 'चार महाभूते' हा आवडीचा विषय होता. ही चार तत्त्वे ग्रीक विचारांतून आलेली. आपल्या पंचमहाभूतांतील आकाश त्यांत नाही. पृथ्वी म्हणजे सिंहाशेजारी फळाफुलांनी भरलेले शिंग घेतलेली देवी, जल म्हणजे डॉल्फिनसह नेपच्यून, अग्नी म्हणजे ऐरणीपाशी उभा व्हल्कन आणि वायू म्हणजे बहुधा पक्ष्यासह जूनो. मेजवानीत गोड पदार्थ आले की श्रीमंतांच्या मेजावर अशा मूर्ती मांडीत. त्याआधी हे काम साखरेच्या बाहुल्या करीत असत.

साखरेचा हा वारसा मूर्तींना सुटलेला नाही. गुलाबी गाल, फुलाफुलांची वस्त्रे, पायाशी सोनेरी वेलबुट्टी! कौशल्य निर्विवाद आहे; परंतु या अग्नीने कोणाचे बोटही पोळणार नाही. महाभूतांतले भय काढून घेतले की त्यांच्याविषयीचा आदरही ओसरतो आणि शोकेसची शोभा तेवढी उरते. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या सृष्टिस्तोत्रात वाऱ्याला व अग्नीला बंधू, पाण्याला भगिनी आणि धरतीला भगिनी व माता म्हटले. घरच्या नात्यात माया असते तसा धाकही असतो. या मूर्तींत नाते नाही. यजमान आणि त्याची करमणूक एवढेच आहे.

माहुलच्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. एका अंगाला खाडीचा चिखल आणि तिवरे, दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने. ८ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांतील एका कारखान्यात स्फोट होऊन आग भडकली. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने येथील हवेच्या प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई भरण्यास सांगितले. अशा गावच्या वायूची मूर्ती करावयाची, तर पक्षी घेतलेली जूनो कशी चालेल?

तरीही मी या मूर्ती टाकाऊ मानीत नाही. त्यांच्या वेषात जे हरवले, ते त्यांच्या देहात आहे. माती पाण्यात कालवली, साच्यात घातली, वाऱ्यावर सुकविली, मग भट्टीत दिली. बोच्या कारागिरांनी तर मातीत हाडांची राखही मिसळली. भट्टीने कोणती मूर्ती सोडावी आणि कोणती तडकवावी, हे कारागिराच्या हाती पुरते कधीच नव्हते. यिर्मयाने कुंभाराच्या घरी जे पाहिले, ते चेल्सीच्या कारागिरांना रोजचेच असणार.

म्हणून डार्बीची मूर्ती समोरून पाहून झाली की ती अलगद उलटी करावी. तळाशी तीन-चार काळपट डाग दिसतात. भट्टीत ती ज्या मातीच्या गोळ्यांवर उभी होती, त्यांच्या त्या खुणा. वर सोने चढविणाऱ्या कारागिराने त्या तशाच राहू दिल्या, आणि आज जाणकार पुष्कळदा त्यांवरूनच डार्बी ओळखतात.