परदेशस्थांचे यश आणि आपला अभिमान

परदेशी उद्योगसंस्थेच्या प्रमुखपदी एखादा भारतीय माणूस चढला की आपल्याकडे आनंदाचे भरते येते. इंद्रा नूयी २००६ साली पेप्सिकोच्या मुख्याधिकारी झाल्या, सत्य नादेला २०१४ साली मायक्रोसॉफ्टचे झाले. दोन्ही वेळी वृत्तपत्रांनी ते यश राष्ट्राच्या खात्यावर जमा केले. पुढे सरकारनेही दोघांस पद्मभूषण दिले. ह्या दोघांची आत्मकथने आज उपलब्ध आहेत : नादेलांचे ‘हिट रिफ्रेश’ (२०१७) आणि नूयींचे ‘माय लाइफ इन फुल’ (२०२१). आपले वाचक ती विजयगाथा म्हणून हाती घेतात. आम्हांस मात्र ती ऋणांच्या नोंदवह्या वाटतात, आणि त्यांतील उत्तम पाने ह्या नोंदींचीच आहेत.

नादेलांचे वडील बी. एन. युगंधर हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी. पुढे ते मसुरीच्या प्रशासन अकादमीचे संचालक व नियोजन आयोगाचे सदस्य झाले. आई संस्कृतच्या विदुषी. वडिलांनी मुलाच्या खोलीत मार्क्सचे चित्र लावले, आईने लक्ष्मीचे. मुलास हवा होता क्रिकेटपटू जयसिंहा! बदलीच्या नोकरीत गावोगाव संसार मांडणाऱ्या आमच्या वाचकांस हे घर ओळखीचे वाटेल. आय. आय. टी.च्या प्रवेशपरीक्षेत आपण अनुत्तीर्ण झालो, हेही लेखक सरळ सांगतो. पत्नीस अमेरिकेत आणता यावे म्हणून त्याने १९९४ साली कायम वास्तव्याचा परवाना परत केला व तात्पुरत्या परवान्यावर राहणे पत्करले. पुत्राच्या जन्मजात व्याधीविषयीची पाने तर संयमाचा नमुना आहेत.

नूयींच्या पुस्तकातील एकच प्रसंग आपल्याकडे सर्वतोमुखी झाला : बढतीची वार्ता घेऊन घरी आलेल्या लेकीस आई आधी दूध आणावयास धाडते आणि मुकुट गाडीखान्यात ठेवून येण्यास बजावते. आपण ह्या प्रसंगास संस्कारांचा महिमा मानून मोकळे झालो. परंतु लेखिकेचा रोख निराळा आहे. मुली लहान असताना आई, सासरची माणसे, नातलग ह्यांनी घर सांभाळले म्हणून आपली नोकरी टिकली. ज्यांच्या पाठीशी असे गोत नाही त्या स्त्रियांनी काय करावे, असा तिचा प्रश्न आहे. म्हणूनच ग्रंथाच्या अखेरीस ती पगारी रजा व बालसंगोपनाची सोय ह्यांचा आग्रह धरते. ही पाने टाळून मुकुटाची कथा तेवढी सांगणे म्हणजे लेखिकेवर अन्याय करणे होय.

दोष दोहोंतही आहेत. संस्थेचे धोरण सांगू लागताच लेखणी कोरडी पडते. ‘हिट रिफ्रेश’मधील कृत्रिम बुद्धिमत्ता व पुंजयामिकीय संगणन ह्यांवरील प्रकरणे भागधारकांपुढील निवेदनासारखी वाचावी लागतात. नूयींच्या व्यापारविषयक प्रकरणांतही स्वतःच्या निर्णयांची उलटतपासणी थोडी आणि समर्थन फार आहे. आत्मकथनाचा कस अशाच ठिकाणी लागतो.

तरीही ह्या पुस्तकांनी आपल्या अभिमानापुढे एक हिशेब ठेवला आहे. ह्या यशात घराचा वाटा आहे. नूयींस शिकविणाऱ्या कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्थेसारख्या, लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थांचा आहे. आणि परक्या माणसास अखेरच्या पायरीपर्यंत चढू देणाऱ्या त्या देशाचाही आहे. पहिल्या दोन वाट्यांविषयी आपण अधूनमधून बोलतो. तिसऱ्याचा उच्चार आपल्या गौरवलेखांत क्वचितच आढळतो, कारण तो केला की प्रश्न आपल्या दाराशी येतो : दुसऱ्या प्रांतातून आपल्या शहरी आलेल्या माणसास आपण किती पायऱ्या चढू देतो?

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. जेथे आमची बदली झाली तेथील लोकांनी आम्हांस घर दिले, भाषा शिकविली, मुलांस शाळेत सामावून घेतले. आमच्या मुंबई-पुण्यात परप्रांतीयाविषयी कोणती भाषा बोलली जाते, हेही आम्ही ऐकतो. नादेला-नूयींचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांस मिळालेला न्याय आपल्या गावी आलेल्या परक्यास देण्याची तयारी असेल, तरच तो अभिमान आपणांस शोभेल.