विष्णुशास्त्री चिपळूणकर : वाक्य आणि निकष

विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) यांच्याविषयी मराठी समीक्षेत दोन निवाडे रूढ आहेत. एका पक्षाच्या मते ते आधुनिक मराठी गद्याचे जनक. दुसऱ्याच्या मते सुधारणेच्या वाटेतील धोंड. पुष्कळ अभ्यासक या दोहोंची वाटणी करून मोकळे होतात : शैली घ्यावी, मते सोडावीत. ही वाटणी सोयीची खरी. परंतु तिची रेघ चुकीच्या जागी ओढलेली आहे.

१८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'चे ८४ अंक निघाले. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हा तिच्या आरंभीचाच विषय. शास्त्रीबोवांनी मराठी वाक्याला जी प्रौढी दिली ती निःसंशय मोठी आहे. पोटवाक्यांची दीर्घ मालिका, विरोधी पदांचा तोल, मध्येच मारलेला टोमणा आणि अखेरीस क्रियापदावर येऊन पडणारा आघात, ही त्या वाक्याची घडण. तिच्यामागे संस्कृत वादपद्धतीतील पूर्वपक्ष-उत्तरपक्ष जसा आहे, तसेच जॉन्सन व मेकॉले यांचे वाचनही आहे. स्वभाषेचा कैवार अंशतः परकी बांधणीच्या वाक्याने घेतला गेला, यात विसंगती पाहणाऱ्यांनी भाषांचा इतिहास पुरेसा पाहिलेला नसतो.

हे वाक्य कोणा एका पक्षाची मिरास राहिले नाही. १८८० मधील न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मधील 'केसरी' या उद्योगांत शास्त्रीबोवांचे सहकारी असलेले गोपाळ गणेश आगरकर पुढे १८८८ मध्ये 'सुधारक' काढतात, तेव्हा उपहास आणि प्रश्नांची सरबत्ती ही मालाकारांची हत्यारे ते सनातन्यांवरच चालवितात.

निकषाचे तसे नाही. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना शास्त्रीबोवांनी प्रतिपादनाइतकेच त्यांच्या व्याकरणालाही हास्यास्पद ठरविले. १८७३ ची 'गुलामगिरी' संवादरूप आहे; तिचे गद्य बोलण्याच्या लयीवर उभे आहे. बोलीतील रूपे नियमहीन नसतात. त्यांचे नियम निराळे असतात, इतकेच. निबंधमालाकारांच्या काळी वर्णनात्मक भाषाविज्ञान मराठीत आले नव्हते, ही सबब काही अंशी मान्य करता येईल. पण येथे प्रश्न केवळ अज्ञानाचा नाही. अशुद्ध लिहिणाऱ्याला मत मांडण्याचा अधिकार नाही, असा ध्वनी त्या उपहासातून निघतो. शुद्धतेचा हा निकष शैलीचा भाग समजला गेला. वस्तुतः तेही एक मतच होते, आणि शास्त्रीबोवांच्या इतर मतांपेक्षा अधिक चिवट. त्यांची मते सोडली असे म्हणणाऱ्या वर्गांतही तो व्याकरणाच्या नावाने टिकून राहिला.

फुले यांचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाकडून एकत्र प्रसिद्ध झाले ते १९६९ मध्ये, 'गुलामगिरी'नंतर ९६ वर्षांनी.